किमोच्या काळात माशाच्या तेलाच्या गोळ्या

घरात कोणास कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी 'किमो घ्यावी लागेल' असे सांगितले, की त्या घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागते. समाचारास येणारा प्रत्येक जण मायेपोटी काही ना काही सुचवून जातो. कोणी गव्हांकुरांचा रस सांगतो, कोणी गुळवेल, कोणी गोमूत्र. अलीकडे पुण्यामुंबईहून अथवा परदेशातून येणारे आप्त बरोबर एक बाटली घेऊन येतात. तीत पिवळसर, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या असतात. वर 'ओमेगा-३' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हे माशाचे तेल. 'यानं किमोचा त्रास कमी होतो, वजन उतरत नाही, हातापायांच्या मुंग्या थांबतात, आणि अपाय तर काहीच नाही, शेवटी खाण्याचीच वस्तू,' असे देणारा सांगतो आणि घेणाराही ते मान्य करतो.

आमच्या निधीकडे औषधोपचारास साहाय्य मागणारे जे अर्ज येतात, त्यांच्याबरोबर अशा बाटल्यांची बिलेही आता दिसू लागली आहेत. उपचारासाठी दागिना मोडलेल्या कुटुंबाने दरमहा या गोळ्यांवर आणखी पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे त्यामुळेच आला. पण विचार करू लागल्यावर असे दिसले की पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न हा, की किमो चालू असताना ही वस्तू खरोखर निरुपद्रवी आहे काय? या लेखात आम्ही एवढ्या एकाच बाटलीचा विचार करणार आहोत.

आरंभी ही मेदाम्ले म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपण खातो ते तेल किंवा तूप आतड्यात गेल्यावर त्याचे घटक सुटे होतात. त्या घटकांस मेदाम्ले म्हणतात. प्रत्येक मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी असते. साखळीत दुहेरी बंध मुळीच नसला तर ते मेदाम्ल संपृक्त. तुपात व खोबरेलात अशी मेदाम्ले पुष्कळ, म्हणून ती थंडीत थिजतात. शेंगतेलात एकच दुहेरी बंध असलेले आम्ल बरेच असते, तर करडई, सूर्यफूल, जवस आणि मासे यांच्या तेलांत अनेक दुहेरी बंध असलेली. साखळीच्या शेपटाकडून मोजत गेले आणि पहिला दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनावर आला, तर त्या मेदाम्लास ओमेगा-३ म्हणतात. सहाव्यावर आला तर ओमेगा-६. ओमेगा हे ग्रीक वर्णमालेतील शेवटचे अक्षर, त्यापलीकडे या नावात काही गूढ नाही.

यांतील काही मेदाम्ले शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली हे दाखवून दिले. स्निग्धांश अगदी निपटून काढलेल्या अन्नावर त्यांनी उंदीर पाळले. त्यांची वाढ खुंटली, कातडी खवलेदार झाली आणि अखेर ते मेले. ठरावीक मेदाम्ले थोडीशी दिली की ते सुधारत. त्यापूर्वी मेद म्हणजे केवळ जळण अशी समजूत होती. पुढे १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील समुद्री आहारावर जगणाऱ्या इनुइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला, आणि माशांतील ओमेगा-३ मेदाम्लांचे नाव जगभर झाले. त्यांतील दोन प्रमुख: आयकोसापेंटेनॉइक आम्ल व डोकोसाहेक्झेनॉइक आम्ल. नावे जिभेस जड आहेत, म्हणून बाटलीवर छापतात त्याप्रमाणे आम्हीही त्यांस ईपीए आणि डीएचए असेच म्हणू.

येथे आमच्या शाकाहारी भगिनी विचारतील, की मग जवसाच्या चटणीने काय होत नाही? बेळगाव-धारवाडकडे जवसाची चटणी घरोघर असते, आणि जवसात ओमेगा-३ विपुल असते ही गोष्ट खरी. परंतु ते निराळे ओमेगा-३ आहे, आखूड साखळीचे. शरीर त्यापासून ईपीए बनवते, पण फार थोडे; शेकडा पाचदहा भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी. डीएचए तर जवळजवळ नाहीच. दहा ग्रॅम जवस खाल्ले तर त्यातून दोन ग्रॅमच्या आसपास हे आखूड ओमेगा-३ मिळते, आणि त्याचे ईपीए होता होता उरते ते चिमूटभर. चटणी उत्तम वस्तू आहे, ती खावी. फक्त तिला माशाच्या तेलाच्या जागी धरू नये, आणि किमोने तोंड आलेले असताना तर ती तिखटामुळे पानात घेऊच नये. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. ईपीए व डीएचए मासाही मुख्यतः स्वतः बनवीत नाही. समुद्रातील सूक्ष्म शेवाळ ते बनवते आणि मासा ते आयते खातो. म्हणून शेवाळापासून काढलेल्या, शाकाहारी डीएचएच्या गोळ्याही आता मिळतात.

आता किमोकडे वळू. किमोची बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडातील व आतड्यातील अस्तराच्या आणि हाडांतील मगजाच्या पेशीही तशाच असतात. त्यामुळे केस जातात, तोंड येते, मळमळते, जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबविणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारखी औषधे याखेरीज हातापायांच्या मज्जातंतूंनाही इजा करतात. बोटांस मुंग्या येतात, बधिरपणा येतो, सदऱ्याचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हा त्रास किमो संपल्यावरही महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षे राहतो.

आणि सर्वांत वाईट म्हणजे खंगणे. कर्करोगाचा रोगी केवळ जेवत नाही म्हणून खंगतो असे नाही. रोगामुळे शरीरात सतत एक दाह चालू राहतो. भूक मरते आणि स्नायू झिजू लागतात. म्हणून केवळ आग्रहाने वाढून हे वजन परत येत नाही. घरातील बायका रात्रंदिवस रांधून रांधून दमतात, रोगी दोन घास खाऊन पान सारतो, आणि दोघांच्याही मनात अपराधीपणा राहतो. त्यांत कोणाचाच दोष नसतो, रोगाचे स्वरूपच तसे आहे. हे डॉक्टरांनी आरंभीच सांगितले तर पुष्कळ घरांतील रुसवेफुगवे टळतील असे आमचे मत आहे.

माशाच्या तेलाचा संबंध येतो तो या दाहाशी. शरीरातील दाह वाढविणारी काही द्रव्ये ओमेगा-६ जातीच्या एका मेदाम्लापासून बनतात. ईपीए त्याच जागी जाऊन बसते व त्यापासून होणारी द्रव्ये सौम्य असतात. तेव्हा ईपीए भरपूर दिले तर दाह मंदावेल आणि खंगणे थांबेल, असा तर्क होता. तर्क चांगला होता. परंतु वैद्यकात तर्क आणि अनुभव यांची गाठ नेहमीच पडते असे नाही.

एडिंबरो येथील शस्त्रवैद्य केनेथ फिअरन यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे २०० रोगी होते. निम्म्यांस प्रथिनयुक्त पेयातून माशाचे तेल दिले, निम्म्यांस तेच पेय तेलावाचून. त्यापूर्वी हे रोगी दरमहा सुमारे ३.३ किलो वजन गमावीत होते. पेय सुरू झाल्यावर दोन्ही गटांचे वजन जवळजवळ स्थिरावले, आणि दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. दररोज दोन डबे पेय घ्यावयाचे होते. रोग्यांनी सरासरीने १.४ डबेच घेतले. ज्यांनी अधिक घेतले त्यांस अधिक लाभ झाला असे मागाहून दिसले, पण ज्यास अधिक पिता आले तो मुळात बरा असेल, हीही शक्यता आहेच. या चाचणीतून आम्हांस दिसते ते एवढे, की तेल असो वा नसो, नियमाने घेतलेले पौष्टिक पेय रोग्यास सावरून धरते.

२००४ साली अमेरिका व कॅनडा येथील ४२१ रोग्यांवर ईपीए आणि भूक वाढविणारे मेजेस्ट्रॉल हे औषध यांची तुलना झाली. वजन शेकडा दहाने वाढले असे रोगी मेजेस्ट्रॉलच्या गटात शेकडा १८ आढळले, ईपीएच्या गटात शेकडा ६. मग २००६ साली फिअरन यांनीच ५१८ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटास रोज २ ग्रॅम ईपीए, दुसऱ्यास ४ ग्रॅम, तिसऱ्यास दिखाऊ गोळी. तिन्ही गटांत निर्णायक फरक पडला नाही, आणि दुप्पट मात्रेने दुप्पट गुण तर मुळीच आला नाही. ज्या माणसाने आयुष्याची इतकी वर्षे या तर्कामागे घालविली त्यानेच तो उघडपणे तराजूत घालावा, हे आम्हांस विशेष वाटते.

हे रोगी प्रामुख्याने पुढच्या अवस्थेतील होते. किमो प्रत्यक्ष चालू असताना काय होते, हे कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठाने पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४० रोगी होते. १६ जणांनी किमोबरोबर माशाचे तेल घेतले, रोज २.२ ग्रॅम ईपीए. त्यांचे वजन टिकून राहिले. इतर २४ जणांचे सरासरी २.३ किलोने उतरले. त्याच मंडळींच्या दुसऱ्या निबंधात तेल घेणाऱ्या १५ जणांपैकी शेकडा ६० जणांत किमोचा गुण दिसला, तेल न घेणाऱ्या ३१ जणांत तो शेकडा २६च्या आसपास होता. हे आकडे आशादायक आहेत यात शंका नाही. परंतु माणसे थोडी होती, आणि कोण तेल घेतो हे रोगी व डॉक्टर या दोघांसही ठाऊक होते. अशा प्रयोगाने उमेद वाढते, निकाल लागत नाही.

म्हणूनच तज्ज्ञांच्या संस्थांत एकवाक्यता नाही. पोषणतज्ज्ञांच्या युरोपीय संस्थेने, किमो चालू असलेल्या आणि खंगण्याचा धोका असलेल्या प्रगत कर्करोगाच्या रोग्यांस माशाचे तेल देता येईल असे म्हटले, पण ती शिफारस दुबळी असल्याचेही तेथेच लिहिले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली खंगण्याविषयी मार्गदर्शन केले, त्यात माशाच्या तेलाचा पुरस्कार केला नाही.

मुंग्यांच्या बाबतीत एक चाचणी वारंवार सांगितली जाते. ती इराणमध्ये झाली व २०१२ साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या ५७ स्त्रियांपैकी ३० जणींस ओमेगा-३ ची ६४० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली, २७ जणींस सूर्यफुलाच्या तेलाची. ओमेगा-३ च्या गटात शेकडा ७० जणींस मज्जातंतूंची इजा झाली नाही. दुसऱ्या गटात अशा शेकडा ४१च्या जवळपास होत्या. ज्यांस इजा झाली त्यांच्यात तिची तीव्रता कमी होती, असे मात्र निश्चितपणे म्हणता आले नाही. सत्तावन्न स्त्रियांवरील चाचणी म्हणजे लहान चाचणी. तिच्यावर विसंबून सर्वांस गोळ्या द्याव्यात असे म्हणण्याआधी अन्य दोन चाचण्यांची हकिगत वाचकांनी ऐकून घ्यावी.

पहिली किमोची नव्हे, स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरकरोधक गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीची आहे. अमेरिकेत २४९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत काहींना रोज ३.३ ग्रॅम ओमेगा-३ दिले, इतरांना सोयाबीन व मक्याचे साधे तेल भरलेल्या तशाच गोळ्या. सहा महिन्यांत ओमेगा-३ घेणाऱ्यांची दुखणी निम्म्याहून अधिक कमी झाली. येथेच थांबले तर कोणीही म्हणेल, काय गुणकारी औषध! पण साधे तेल घेणाऱ्यांची दुखणीही तितकीच कमी झाली होती. 'आमच्या वहिनींना फरक पडला' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फरक खरेच पडलेला असतो, पण तो गोळीतल्या मालामुळे पडला की काळाने आणि विश्वासाने पडला, हे एका वहिनींवरून कळत नाही.

दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे. कार्निटिन नावाचे एक द्रव्य पेशीच्या आत मेदाम्ले वाहून नेते. ते ज्वलनाच्या भट्टीपर्यंत जळण पोचविणारा हमालच म्हणावे. त्याचेच एक रूप मज्जातंतूंचे रक्षण करील अशा समजुतीने लोक दुकानांतून विकत घेत असत. त्याची चाचणी पॅक्लिटॅक्सेलच्या जातीची औषधे घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर झाली आणि २०१३ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. चोवीस आठवड्यांनंतर ज्यांनी ते घेतले त्यांचा मुंग्यांचा व बधिरपणाचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा अधिक होता, आणि पुढील पाहणीत हा फरक दोन वर्षांपर्यंत टिकून राहिलेला दिसला. रक्षणासाठी घेतलेल्या वस्तूनेच इजा वाढविली. हे द्रव्य माशाचे तेल नव्हे, पण 'अपाय तर काहीच नाही' या वाक्याची किंमत किती, ते यावरून कळते. मुंग्यांपासून बचाव म्हणून कोणतेही औषध वा पूरक देण्याची शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने केलेली नाही. झालेल्या वेदना शमविण्यापुरते ड्युलॉक्सेटीन तेवढे तिने सुचविले आहे, आणि ते डॉक्टरांनीच द्यावयाचे औषध आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या भागाकडे येतो.

हॉलंडमधील उट्रेख्ट येथील विद्यापीठ रुग्णालयात एमिल वूस्ट यांच्या संशोधकमंडळास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. उंदरांस गाठ आणवून सिस्प्लॅटिनसारखे प्लॅटिनमयुक्त औषध दिले असता शरीरातील काही मूळपेशी त्या औषधाने चेततात आणि दोन मेदाम्ले रक्तात सोडतात. ही मेदाम्ले अत्यल्प प्रमाणातही गाठीस औषधापासून वाचवितात. औषध दिले जाते, पण गाठ जुमानत नाही. २०११ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या दोहोंपैकी एक मेदाम्ल ओमेगा-३ जातीचे, सोळा कार्बनांचे आहे. मग त्यांनी विचार केला, की हेच मेदाम्ल आपण बाहेरून तर पोटात घालीत नाही ना? बाजारातील माशाच्या तेलाच्या बाटल्या तपासल्या, तो त्यांत ते सापडले. असे तेल उंदरांस अगदी थेंबाच्या अंशाएवढे पाजले तरी किमोचा गुण मावळला.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात त्यांनी निरोगी माणसांस १० मिलिलिटर माशाचे तेल पाजून रक्त तपासले. ते मेदाम्ल रक्तात झपाट्याने वाढले आणि सुमारे आठ तासांनी मूळ पातळीवर आले. ५० मिलिलिटर दिले तेव्हा ते अधिक काळ चढलेले राहिले. काही जणांस मासे खाऊ घातले. हेरिंग आणि मॅकरेल या तेलकट माशांनी रक्तातील प्रमाण वाढले, सामनने थोडा वेळ वाढले, ट्यूनाने वाढले नाही. त्यांच्या रुग्णालयातील ११८ कर्करोग्यांची विचारपूस केली असता १३ जण ओमेगा-३ च्या गोळ्या घेताना आढळले. यावरून या मंडळींनी सल्ला दिला तो असा, की किमोच्या आदल्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंत माशाचे तेल घेऊ नये, आणि त्या सुमाराच्या अठ्ठेचाळीस तासांत हेरिंग व मॅकरेल खाऊ नयेत.

हे उंदरांतील ज्ञान आहे. माणसांत माशाच्या तेलामुळे किमो निष्फळ झाली असे सिद्ध झालेले नाही, आणि एडमंटनचे रोगी प्लॅटिनमयुक्त औषधे घेत असतानाच तेल घेत होते, तरी त्यांस उलट गुणच दिसला. दोन प्रामाणिक प्रयोगशाळांचे म्हणणे परस्परांच्या विरुद्ध पडावे असा हा प्रसंग आहे, आणि त्याचा निवाडा मोठ्या चाचणीवाचून होणार नाही. तोवर कुटुंबाने काय करावे? आमच्या मते हिशेब साधा आहे. गोळी तीन दिवस बंद ठेवल्याने काही बिघडत नाही. उलट, उट्रेख्टची शंका खरी असेल तर त्या तीन दिवसांत गोळी घेतल्याने जे औषध मोठ्या कष्टाने शिरेतून दिले गेले त्याचाच गुण जाईल. त्रास सोसला तो सोसलाच, आणि गाठ तशीच. म्हणून आम्ही गोळी बंद ठेवण्याच्या बाजूचे आहोत.

आमच्यातील मत्स्याहारी मंडळी लगेच बांगड्याची चौकशी करतील. बांगडा हा मॅकरेलच्याच कुळातला, पण हॉलंडात तपासला तो अटलांटिकातला निराळा मासा. गोव्याहून येणाऱ्या आपल्या बांगड्यास किंवा तारलीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि दोन्ही मासे तेलकट आहेत, आणि किमोच्या दिवशी कढीला पापलेट किंवा कोळंबी आणली तर कोणाचा उपवास घडत नाही. एरवीच्या दिवसांत बांगडा जरूर खावा. प्रथिने देणारे इतके स्वस्त आणि रुचकर अन्न थोडेच आहे.

बाटलीवरील लेबल वाचण्याविषयी दोन शब्द. पुढे मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असते, तो सगळ्या तेलाचा आकडा होय. पाठीमागे बारीक अक्षरांत पाहावे. साध्या गोळीत बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते. चाचण्यांत रोज २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ईपीए दिले होते. त्यासाठी अशा अकरा-बारा गोळ्या रोज लागतील. जो रोगी पाण्याच्या घोटानेही मळमळतो त्यास बारा गोळ्या कशा द्यायच्या? आणि एक गोळी देऊन चाचणीतील गुणाची अपेक्षा कशी करायची? दिवसाकाठी एकदोन गोळ्या घेणारी जी कुटुंबे आहेत, त्यांच्या पदरात औषधही पडत नाही आणि पैसाही राहत नाही.

मात्रा मोठी असेल तर तिचे स्वतःचेही उपद्रव आहेत. मासळीच्या वासाच्या ढेकरा आणि जुलाब हे किरकोळ. प्लेटलेट उतरलेल्या असताना, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना, रक्तस्रावाची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. हृदयविकारासाठी ८१७९ जणांवर झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होऊन इस्पितळात जावे लागणारे शेकडा ३.१ होते, न घेणाऱ्यांत शेकडा २.१. कॉड माशाच्या यकृताचे तेल तर निराळेच. त्यात अ आणि ड ही जीवनसत्त्वे असतात, आणि जुन्या आठवणीने ते चमच्यामागून चमचा पाजले तर अ जीवनसत्त्वाचाच अतिरेक होतो.

मग अर्जदारास आम्ही काय सांगतो? तो पैसा स्वयंपाकघरात घालावा, असे सांगतो. युरोपीय संस्थेचेच प्रमाण घेतले तर रोग्यास वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. पन्नास किलोच्या माणसास म्हणजे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, पेलाभर दुधातही तितकीच. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी, पिठात व साखरेत ४. त्यामुळे जो चार घासच खाणार आहे त्याच्या मऊ भातावर चमचाभर तूप सोडले की ४५ कॅलरी न बोलता पोटात जातात. शेंगदाण्याचे कूट घातलेली खीर, दाट ताजे दही, अंडे मोडून घातलेला भात, दर दोन तासांनी वाटीभर; हेच रोग्याचे खरे पूरक अन्न. वासाने मळमळत असेल तर गरम पदार्थापेक्षा कोमट अथवा गार दिलेले चालते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना दूध न तापवता देऊ नये आणि रस्त्यावरचा चिरलेला फळफळावळ आणू नये.

ज्यांस माशाच्या तेलाची गोळी घ्यावयाचीच आहे त्यांनी ती डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडे 'डॉक्टर रागावतील' म्हणून अशा गोष्टी सांगत नाहीत, आणि फाईलमध्ये कोठेही त्यांची नोंद होत नाही. बाटलीच पिशवीत टाकून न्यावी म्हणजे लेबल वाचून डॉक्टरांस ठरविता येईल. किमो तीन आठवड्यांतून एकदा शिरेतून मिळत असेल तर आदला दिवस, तो दिवस व दुसरा दिवस असे मोजणे सोपे आहे. परंतु कॅपेसिटाबिनसारखी औषधे गोळ्यांच्या रूपात सलग चौदा दिवस घरीच घ्यावयाची असतात. तेथे हा तीन दिवसांचा हिशेब लागू पडत नाही, आणि माशाचे तेल त्या काळात अजिबात घ्यावे की नाही, हे सुरुवात करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.